भिकोबा साळिंदराची कबुली

एका जंगलात, मुलांनो, कोर्ट होतं. जंगलात कसलं आलंय कोर्ट, असं तुम्हाला वाटेल. पण ते जंगल सुधारलेलं होतं.

तिथे भिकोबा नावाचा एक साळिंदर राहायचा. बायको येसू आणि दोन पिल्लं, एवढाच त्याचा संसार. कंद उकरायचे, खायचे, आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही.

एका सकाळी पाणवठ्याच्या वाटेवर शेवंता शेकरूला कुणीतरी मागून ढकललं आणि तिची आंब्यांची टोपली हिसकावून नेली. शेवंता तोंडावर आपटली. उठून पाहते तो काहीतरी काळपट झुडपात शिरत होतं. तिने तेवढंच रानकुत्र्यांना सांगितलं. रानकुत्रे म्हणजे तिथले पोलीस.

झुडपामागे भिकोबा सुरण उकरत बसला होता. काळपट तर तो होताच. त्याच्याजवळ टोपली सापडली नाही, आंबेही सापडले नाहीत. ते कुठे लपवले हेही तो सांगेना. त्यावरून हवालदाराची खात्री पटली, की हा चांगलाच मुरलेला चोर आहे.

नुसती चोरी असती तर थोडक्यात भागलं असतं. इथे धक्का मारला होता, म्हणून ती जबरी चोरी झाली. भिकोबाची रवानगी वडाच्या ढोलीत झाली. कोर्टाने जामीन दिला, नाही असं नाही. फक्त जामीनदाराच्या नावावर निदान एक झाड हवं होतं. भिकोबाचे सगळे सोयरे बिळात राहणारे.

मग तारखा पडू लागल्या. पहिल्या तारखेला न्यायाधीश गवेसाहेब रवंथासाठी रजेवर होते. दुसऱ्या तारखेला हवालदार शेजारच्या रानात बंदोबस्ताला गेला होता. तिसऱ्या तारखेला सगळे हजर होते, पण खटल्याचे कागद वाळवीने खाल्ले होते. वाळवीला समन्स काढावं की नाही, यावर तो दिवस गेला.

येसू दर आठवड्याला भेटायला यायची. ती तक्रार करत नसे. ओढ्याकाठचं बीळ यंदा टिकायचं नाही, पावसाच्या आत वरच्या अंगाला नवं खणायला हवं, असं तिने एकदा सांगितलं. थोरलं पिल्लू माती लोटायला मदत करतं आणि धाकटं खोकतं, हेही सांगितलं. तिच्या पुढच्या पायांची नखं झिजून गेलेली भिकोबाने पाहिली. ती गेल्यावर त्याने ढोलीच्या भिंतीकडे तोंड केलं आणि दिवसभर जेवला नाही.

त्याला कोर्टानेच एक वकील दिला होता. धनेश वकील. त्यांच्याकडे ऐंशीच्या वर आरोपी होते, त्यामुळे पहिल्या भेटीत ते भिकोबाला ससा समजून बोलले होते. पण माणूस मनाने चांगला, म्हणजे पक्षी. चौथ्या तारखेला ते आनंदाची बातमी घेऊन आले. सरकारी वकील जबरी चोरी सोडून साध्या चोरीवर यायला तयार होते. भिकोबाने कबूल म्हणायचं, की झालं. साध्या चोरीची शिक्षा तो आधीच भोगून बसला होता.

"पण मी चोरी केलेली नाही," भिकोबा म्हणाला.

"तेही म्हणता येईल," धनेश वकील शांतपणे म्हणाले. "त्याची सुनावणी दोन पावसाळ्यांनंतर आहे. आणि तेव्हा शाबीत झालं, तर सात पावसाळे. कबूल केलंस तर आज दुपारी घरी."

भिकोबाने बराच वेळ विचार केला. बापाने आयुष्यभर कुणाच्या शेंगेला हात लावला नव्हता, ते त्याला आठवलं. मग येसूची नखं आठवली.

गवेसाहेबांनी त्याला रीतसर विचारलं, की कबुलीसाठी कुणाचा दबाव तर नाही ना? भिकोबाने नाही म्हटलं. टोपली कशी घेतली, असं विचारलं, तेव्हा मात्र तो गप्प झाला. त्याला ते ठाऊकच नव्हतं. धनेश वकील खाकरले आणि म्हणाले, दोन्ही हातांनी. शिरस्तेदार मुंगसाने तसं लिहून घेतलं. भिकोबाच्या पाठीवरचे काटे एकेक करून उभे राहिले होते. गवेसाहेबांनी ते पश्चात्तापाचं लक्षण मानलं.

बाहेर शेवंता शेकरू साक्षीसाठी सकाळपासून ताटकळली होती. भिकोबा सुटून बाहेर आला, तेव्हाच तिने त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि ती चपापली. ढकलणाऱ्याचं अंग मऊ होतं, तिला काटा लागला नव्हता. ती धावत शिरस्तेदाराकडे गेली. त्याने तिला समजावलं, की खटला निकाली निघाला, आता साक्षीची गरज उरली नाही. त्या वर्षी जबरी चोरीचे शंभर खटले आले होते, त्यातले शहाण्णव असेच कबुलीने सुटले होते. शेजारच्या रानातले न्यायाधीश हे बघायला मुद्दाम येत.

शेवंताला चैन पडेना. चार दिवसांनी ती भिकोबाचं घर शोधत गेली. वरच्या अंगाला तो आणि येसू बीळ खणत होते. आभाळ भरून आलं होतं. तिने त्याची माफी मागितली. आपण आत्ताच्या आत्ता गवेसाहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगतो, म्हणाली.

भिकोबा खड्ड्यातून घाईघाईने वर आला आणि त्याने मातीचे हात जोडले.

"तेवढं करू नका, बाई," तो म्हणाला. "मी निर्दोष आहे असं निघालं, तर खटला पुन्हा उभा राहील. मला परत ढोलीत बसावं लागेल."

मग शेवंताही खड्ड्यात उतरली आणि माती लोटू लागली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र त्याआधी पुढची तारीख कोणती, ते विचारून घ्यावं.