आठोबाच्या पोटात

"आठ पायांची गरज काय होती, म्हणतो मी! चारांत भागलं नसतं?"

बाथरूममधून अप्पांची कुरकुर चालू होती. ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं, पण सवय जुनी होती. कुरकुर करायची आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायची वाट बघत जरा थांबायचं. अप्पा जरा थांबले. मग पुढचा पाय पिळायला घेतला.

बादलीत जांभळं पाणी होतं आणि पाण्यात ऑक्टोपस होता. कापडी. डोकं फुटबॉलएवढं, डोळ्यांच्या जागी कोटाची बटणं, त्यातलं एक मोठं नि एक लहान, त्यामुळे चेहऱ्यावर कायमचा संशय. नाव आठोबा. मुलगी लहान असताना एका थंडीत तिच्या आईने जुन्या पडद्यातून तो शिवला होता. मुलगी त्याच्या एकेका पायाला धरून वाढली, लग्न होऊन गेली, आणि आज संध्याकाळी स्वतःच्या लेकीला घेऊन राहायला येणार होती. फोनवर म्हणाली होती, "अप्पा, आठोबाला जरा ऊन दाखवून ठेवा. धुऊ मात्र नका हं. आई नेहमी..." आणि मग दोघंही घाईघाईने थंडी किती पडलीय यावर बोलले होते.

'ते झाल्यापासून' असंच चालायचं. 'ते झाल्यापासून' एवढंच त्या घरात म्हणत. काय झाल्यापासून, ते कुणी म्हणत नसे.

पण धुळीने माखलेली वस्तू न धुता नातीच्या हातात द्यायची, हे पाणीखात्यात जन्म काढलेल्या माणसाला पटणारं नव्हतं. अप्पांनी आठोबाला तीनदा खळबळून काढलं. जांभळा रंग आधी बादलीत उतरला, मग अप्पांच्या बनियनवर, मग पांढऱ्या टॉवेलवर, आणि एवढं होऊनही आठोबा निथळायचा थांबेना. त्याला गॅलरीत आणून अप्पांनी दोन पायांना चिमटे लावले आणि दोरीवर टांगला. पाणी प्यायलेला आठोबा भलताच जड झाला होता. दोरी मधोमध वाकली, खांद्याशी शिवण टर्रकन उसवली. अप्पांनी धावत जाऊन धड कवटाळलं, त्या हिसक्याने एक पाय सुटला आणि चिमट्यासकट कठड्यावरून खाली गेला.

पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात खालचा लॉन्ड्रीवाला उभा. एका हातात पांढरा शर्ट, त्याच्या बरोबर मधोमध जांभळा डाग, दुसऱ्या हातात पाय.

"साहेब, हा पाय तुमचा का?"

अप्पा आणि लॉन्ड्रीवाला यांचं बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. त्याचं कारण एक स्वेटर. हळदीसारखा पिवळाधमक, छातीवर समोरासमोर दोन तपकिरी बदकं. अप्पांच्या थोरल्या बहिणीने स्वतः विणलेला, म्हणून घरात त्याला कुणी नावं ठेवायची सोय नव्हती. अप्पा तो घरात घालत, बाजारात घालत, लग्नाकार्यातसुद्धा घालत. एका थंडीत तो लॉन्ड्रीत गेला आणि परत आला नाही. अप्पांनी जिन्यात उभं राहून चार मजल्यांना ऐकू जाईल असं 'चोर' म्हटलं होतं. लॉन्ड्रीवाला मान खाली घालून ऐकत राहिला होता. त्या दिवसापासून या घरचा एक रुमालही त्याच्याकडे जाणार नाही, असं अप्पांनी जाहीर केलं. तरी अप्पांच्या शर्टांना कडक इस्त्री असायचीच. "मी घरीच करते," असं सांगण्यात आलं होतं आणि अप्पांनी त्यावर विश्वास ठेवला होता. 'ते झाल्यापासून' मात्र शर्ट चुरगळलेले होते.

"शर्टाचे पैसे किती ते सांगा," अप्पा ताठ होत म्हणाले.

"शर्टाचं मी बघतो. डाग काढणं हाच आमचा धंदा." लॉन्ड्रीवाल्याने आत डोकावलं आणि त्याचा आवाज बदलला. "अरे देवा! आठोबाला धुतलंत?"

"तुम्हाला नाव कसं ठाऊक?"

"ते... ताई लहानपणी सांगायची ना." तो चप्पल काढून आतच आला. "द्या इकडे. वरून गरम इस्त्री फिरवतो, वाळेल."

"आधी पाय."

अप्पांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. लॉन्ड्रीवाल्याने खिडकीपाशी झाकून ठेवलेल्या शिलाई मशीनकडे बोट केलं. "मशीनवर घ्या की. झटक्यात होईल."

"नको." अप्पांनी तिकडे पाहिलंही नाही. "त्यात दोरा ओवलेला आहे."

"मग बरंच आहे की!"

"हिरवा आहे. पडद्याचा. अर्धाच झालाय तो." अप्पा हातसुईत दोरा ओवू लागले. लॉन्ड्रीवाल्याने खिडकीचा अर्धाच टीप घातलेला पडदा पाहिला आणि खुर्ची टेबलाकडे ओढून घेतली.

दोरा सुईला जुमानेना. शेवटी लॉन्ड्रीवाल्याने ओवून दिला. पण शिवणार अप्पाच. अप्पांच्या दृष्टीने पाय म्हणजे पाइप आणि खांदा म्हणजे जोड. जोड म्हटलं की त्यांचे हात आपोआप चालले. पायाचं तोंड त्यांनी खांद्याच्या भोकात दोन बोटं आत सरकवलं, हत्यारांच्या पेटीतून नळाला गुंडाळायची पांढरी टेप काढली आणि सांध्याभोवती पाच वेढे घातले. त्यावरून टाके.

"साहेब, हे कापड आहे. नळ नाही."

"गळती ती गळतीच," अप्पा म्हणाले. टाके लांब-आखूड होते, दोन टाके तर स्वतःच्या बनियनमधून गेले होते. तरी शेवटची गाठ मारून, बनियन कात्रीने सोडवून, अप्पांनी आठोबाला तपासणीसाठी दाबून पाहिलं. जोड कोरडा राहिला. पोटाच्या जुन्या शिवणीतून मात्र पचकन धार आली ती थेट लॉन्ड्रीवाल्याच्या मिशीवर.

"आतला भरणाच ओला आहे. पोट उघडायला हवं."

"नका उघडू!" लॉन्ड्रीवाला एवढ्या जोरात म्हणाला की अप्पांनी कात्री थांबवली. "म्हणजे... वहिनींच्या हातची शिवण आहे. राहू द्या तशीच. मी वरूनच..."

"आतून तुंबलेला पाइप बाहेरून पुसून मोकळा होतो का? आत भिजून कुजेल, वास मारेल, आणि ते माझी नात तोंडाला लावणार. धरा पाय."

"साहेब, ऐका माझं..."

"धरा म्हणतो ना!"

लॉन्ड्रीवाल्याने दोन्ही हातांत चार-चार पाय धरले आणि डोळे मिटून घेतले. अप्पांनी एकेक टाका कापत नेला. बारीक, एकसारखे, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तसे टाके. कापताना अप्पांचा हात दोनदा थांबला. मग त्यांनी बोट घालून भरणा ओढला.

ऑक्टोपसच्या पोटातून बदकाचं डोकं बाहेर आलं.

अप्पा बघत राहिले. बदक तपकिरी होतं, मागची वीण पिवळीधमक. त्यांनी पुन्हा बोट घातलं. दुसरं बदक. मग गळ्याची पट्टी, मग पाठ. टेबलावर त्यांनी एकेक तुकडा लावत नेला आणि बघता बघता त्यांचा हरवलेला स्वेटर त्यांच्यासमोर हात नसलेल्या माणसासारखा आडवा पडला.

"मी स्वतः!" अप्पांनी टेबलावर थाप मारली. "मी स्वतः समोर बसून पाय धरले होते! म्हटलं, काय कोंबतेस गं एवढं? तर म्हणाली, चिंध्या! माझ्यासमोर... माझाच..." मग त्यांची नजर वर गेली. समोर तो माणूस बसला होता, ज्याला त्यांनी चार मजल्यांच्या साक्षीने चोर म्हटलं होतं. अप्पांचे कान लाल झाले. "चोर घरात आणि फाशी संन्याशाला! तुम्ही का नाही बोललात हो? माझी... माझी चूक झाली. मोठीच झाली."

"राहू द्या साहेब."

"राहू द्या कसं? मी आत्ता जिन्यात जाऊन सांगतो सगळ्यांना!" अप्पा उठले, पुन्हा बसले आणि तुकड्यांकडे पाहू लागले. "पण बाह्या कुठायत? बाह्या नाहीत यात."

लॉन्ड्रीवाल्याने आठोबाचे पाय हळूच टेबलावर ठेवले. मिशी पुसली. पुन्हा पुसली.

"आमच्या घरी," तो म्हणाला.

"काय?"

"आमच्याकडेही एक आहे. आमच्या पोरीला शिवून दिला होता वहिनींनी. छोटा. दोन बाह्यांत भरला अगदी." तो खाली बघत म्हणाला, "त्या आल्या होत्या खाली, स्वेटर घेऊन. म्हणाल्या, भाऊ, याचा काहीतरी बंदोबस्त करायचाय आणि माझ्या नणंदेला कळता कामा नये. थोडे दिवस चोर व्हाल का? मी म्हटलं, होतो. थोडे दिवसच म्हणाल्या होत्या."

दाराशी बॅगा ठेवल्याचा आवाज झाला. मुलगी उंबऱ्यात उभी होती, कडेवर लेक. तिने टेबलावरचं बदक पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अप्पा! धुऊ नका म्हटलं होतं ना मी!"

अप्पा सावकाश तिच्याकडे वळले. "तुलाही ठाऊक होतं?"

"शाळेत असल्यापासून. आई म्हणायची, तुझ्या बापाला अंघोळ घाल, पण आठोबाला घालू नकोस." तिच्या तोंडून 'आई' निघून गेलं तसे तिने ओठ मिटले.

"म्हणजे अख्ख्या इमारतीत मी एकटाच! पण का? एवढा काय वाईट होता तो स्वेटर?"

मुलीने लॉन्ड्रीवाल्याकडे पाहिलं. लॉन्ड्रीवाल्याने छताकडे पाहिलं.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही तो घालून यायचात ना, तर गिऱ्हाईक दुकानात तोंड फिरवून हसायचं."

नातीने टेबलावर वाकून बदकाला हात लावला आणि खुदकन हसली. ते पाहून मुलगी हसली, मग लॉन्ड्रीवाला. अप्पा मात्र तणतणत होते. इतक्या वर्षांचं भांडण, अगदी ताजं, एकाच वेळी हाती आलं होतं.

"आत्ता बघतो तिच्याकडे!" त्यांनी बदकाचा तुकडा मुठीत धरला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि खड्या आवाजात ओरडले, "अगं ए! बाहेर ये आधी! ये बाहेर, बघ काय सापडलंय!"

हसणं थांबलं. ओल्या बदकातून फरशीवर थेंब पडत राहिले. लॉन्ड्रीवाल्याने मान खाली घातली. मुलीने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

अप्पा दाराच्या चौकटीला धरून तसेच उभे राहिले. मग वळले. बदक त्यांनी मुलीच्या हातात दिलं.

"गेली गं ती," अप्पा म्हणाले. "आता भांडू कुणाशी मी?"