बिनबोल्टाची आलमारी

नत्थूजींना कढी हवी होती, पण कढीचं भांडं हातात घेऊन प्रेमिला स्वतःच्या नवऱ्याकडे पाहत उभी होती. तिचा नवरा मधुकरराव पाटावरून उठला होता आणि पिशवीतून पत्र्याच्या फळ्या काढत होता. सगळ्या फळ्या सारख्याच, हातभर लांब, काठ दुमडलेल्या, चारही बाजूंना भोकं पाडलेल्या. मधुकररावांनी खिशातून बोल्ट काढले, पाना फिरवला आणि बघता बघता पुस्तकांची एक सुबक मांडणी उभी केली. सासरे बाबाराव "वा" म्हणतात न म्हणतात तोच त्यांनी ती सोडवली आणि त्याच फळ्यांचं मेज केलं.

"सगळे भाग एकाच मापाचे, मामाजी," मधुकरराव म्हणाले. "साचा एकदाच करायचा. गिऱ्हाइकानं पाहिजे तसं जोडून घ्यावं. एक फळी वाकली तर तेवढीच बदलायची. आणि एका फळीला खर्च किती येतो, ते मी पैशापर्यंत सांगू शकतो."

"याले म्हनतात डोकं!" बाबाराव म्हणाले.

नत्थूजींनी कोरडाच भात गिळला.

नत्थूजी हे या घरचे थोरले जावई. कळमन्याच्या रस्त्यावर त्यांचा लोखंडी आलमाऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाचं छप्पर, एक वेल्डिंगचं मशीन आणि कवडू नावाचा जुना कारागीर. पण त्यांनी केलेली आलमारी म्हणजे आलमारी. ती हलवायला चार माणसं लागत, आणि एकदा ठेवली की ती तिथून हलवायचा विचार पुन्हा कोणी करत नसे. धाकटी मेहुणी प्रेमिला हिचं लग्न होईपर्यंत सासुरवाडीला त्यांच्या शब्दाला मोठा मान होता. मग मधुकरराव आले. ते इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेले, सदरसारख्या भारी वस्तीत दुकान थाटलेले आणि स्कूटरवर फिरणारे. तेव्हापासून नत्थूजी सासुरवाडीला जेवायला जात ते उपाशी परत येत.

त्या दिवशी तर जखमेवर मीठ पडलं. बाबाराव मुलींच्या एका वसतिगृहाचे चिटणीस होते. वसतिगृहाला नवीन इमारत मिळाली होती आणि खोलीखोलीत आलमारी हवी होती.

"दोघंही नमुना बनवा अन् खर्चाचा अंदाज द्या," बाबाराव म्हणाले. "मी घरचा मानूस, म्हनून मी काही बोलनार नाही. आमच्या अध्यक्ष सत्यवतीबाई येतीन रविवारी. त्या ठरवतीन."

घरी आल्यावर टोपी खुंटीला लावायच्या आधीच नत्थूजींचा स्फोट झाला.

"भातुकली हाय थे! पोट्ट्यायचा खेळ! जोड, सोड, जोड, सोड! आलमारी हाय का झोपाळा हाय?"

"मंग तुमी कायले जळून राहिले?" त्यांच्या बायकोने, रुख्मिणीने विचारलं.

"मी? मी काहून जळू?"

"कढी नाही वाढली म्हनून असन," असं म्हणून ती आत गेली.

नत्थूजी रात्रभर कुशी बदलत राहिले आणि सकाळी त्यांनी ठरवलं की आपणही जोडाजोडीचीच आलमारी करायची, पण त्या साडूच्या नाकावर टिच्चून. त्याच्या फळ्यांवर बोल्टांची डोकी दिसत होती, देवीच्या व्रणांसारखी. आपल्या आलमारीवर बाहेरून एकही बोल्ट दिसणार नाही. सगळे नट आतून. अडचण एकच होती. ती भोकं नेमकी कुठे पाडायची असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"रुख्मिणी, तुह्या बहिणीकडून एक फळी पाहाले आनशीन का वं? सहज. गोष्टीगोष्टीत."

रुख्मिणी गेली आणि गोष्टी न करताच फळी घेऊन आली. "मी मागितली, तिनं देल्ली. मधुकरराव म्हने, दोन घेऊन जा."

हे ऐकून नत्थूजींना आनंद व्हायला हवा होता. पण ते मटकन खाटेवर बसले. "दोन घेऊन जा म्हने? म्हंजे त्याले आपली भीतीच नाही काय?"

त्या रागातच ते कारखान्यात गेले आणि साडूची फळी पत्र्यावर ठेवून भोकांच्या खुणा करू लागले. राग आलेल्या माणसाला वरची बाजू आणि खालची बाजू सारखीच दिसते. निम्म्या फळ्यांवर त्यांनी नमुना सुलटा ठेवला, निम्म्यांवर उलटा. जोडायला घेतल्यावर एकाही भोकासमोर दुसरं भोक येईना. मग त्यांनी नवी भोकं पाडली. पाठीमागचा पत्रा पोहे चाळायच्या चाळणीसारखा दिसू लागला. भोकं आता जुळली, पण आलमारी डुगडुगू लागली.

"मालक," कवडू म्हणाला, "नटायवर जरासा वेल्डिंगचा टाका मारू काय? हलनार नाही मंग."

"पन मंग थे सुटनार कसे गा?"

"सोडाचे कायले?"

नत्थूजींना हे एकदम पटलं. आयुष्यभर त्यांनी केलेली वस्तू कधी कोणी सोडवली नव्हती. त्यांनी प्रत्येक नटावर टाका मारला, बाहेरची डोकी कानशीने घासून सपाट केली, वरून हिरवा रंग दिला आणि दाराला एक भारी कुलूप बसवलं. हे कुलूप दार नुसतं लोटलं की आपोआप लागत असे.

रविवारी सकाळी मधुकररावांची आलमारी स्कूटरच्या मागे बांधून आली आणि बाबारावांच्या अंगणात चहा उकळेपर्यंत जोडून उभीही झाली. नत्थूजींची हातठेल्यावरून आली. ती उतरवताना एका हमालाचं धोतर फाटलं.

सत्यवतीबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला. "नत्थूजी, आमचा जिना अरुंद आहे. ही सुटी होते का?"

"होते ना बाई! एकेक भाग वेगळा होते," नत्थूजी म्हणाले. आणि घाईघाईने त्यांनी विषय बदलला. "पन मजबुती पाहा! एक तरी बोल्ट दिसून राहिला का? त्या तिकडच्या आलमारीवानी हे हलत नाही. मी सोता आत उभा राहतो, तुमी बाहेरून हलवून पाहा!"

आतले कप्पे अजून बसवायचे होते, त्यामुळे जागा होती. नत्थूजी आत शिरले आणि लोकांना पुरती खात्री पटावी म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

खट्ट असा आवाज झाला.

बाबारावांनी आलमारी हलवून पाहिली. मधुकररावांनी खांदा लावला. शेवटी हमालांनीही जोर केला. आलमारी तसूभर हलली नाही.

"उत्तम," सत्यवतीबाई म्हणाल्या. "आता बाहेर या."

आतून काही वेळ खुडबूड ऐकू आली. मग मागच्या पत्र्यातून आवाज आला. "किल्ली माह्या खिशात हाय."

"मग द्या ना बाहेर."

"कुठून देऊ? फटच नाही ना ठेवली मी!" या परिस्थितीतही त्या आवाजात थोडा अभिमान होता. भोकं पुष्कळ होती, पण ती बोल्टाच्या मापाची. बोट जाईल, त्या भारी कुलपाची रुंद किल्ली नाही.

मधुकरराव मागच्या बाजूला गेले आणि एका भोकाला तोंड लावून म्हणाले, "नत्थूजी, नट तर तुमच्याच बाजूनं आहेत. बोटांनी फिरवून पाहा ना, सुटतील."

आत पत्र्यावर नखं खरवडल्याचा आवाज आला.

"नत्थूजी?"

"वेल्ड केले."

"काय केले?"

"वेल्ड केले म्हनलं ना! डुगडुगून राहिली होती."

प्रेमिलाने पदर तोंडात धरला आणि ती स्वयंपाकघरात पळाली. आत, त्या हिरव्या अंधारात, नत्थूजींना तिचं हसू कढईतल्या तेलासारखं तडतडताना ऐकू आलं.

कुलूप कापायला आरी हवी होती, ती कारखान्यात. हमाल कवडूला बोलवायला गेला. तोवर काय करायचं म्हणून सत्यवतीबाईंनी खुर्ची ओढली. "तोपर्यंत खर्चाचं बोलू. मधुकरराव, तुमची किंमत?"

"पावणेचारशे रुपये नगाला."

"नत्थूजी, तुमची?"

"तीनशे चाळीस!" आलमारी गरजली.

"म्हणजे नत्थूजींची स्वस्त," बाई म्हणाल्या. आलमारीत क्षणभर उजेड पडल्यासारखं नत्थूजींना वाटलं. आणि इकडे मधुकररावांचा चेहरा पहिल्यांदाच पडला.

"शक्यच नाही," ते म्हणाले. "बाई, एवढ्या पैशांत ही होऊच शकत नाही. मी आत्ता अंदाज काढतो. नत्थूजी, पत्रा कितीचा?"

साडू हेव्याने विचारतो आहे हे कळताच नत्थूजी सुखावले. "पत्रा? तुह्यावानी कागद नाही वापरत मी. जाड पत्रा हाय, एकशे ऐंशीचा!"

"आणि कापून वाया गेलेला?"

"गेला असन थोडासा. मी तुकडे नाही जोडत, सलग कापतो!"

"कुलूप साधंच असेल?"

"साधं? इतवारी बाजारातलं सगळ्यात महाग कुलूप हाय!"

"रंगाचा एकच हात दिला असेल."

"अस्तर देऊन वरून दोन हात!"

मधुकरराव विचारत गेले आणि नत्थूजी बढाई मारत गेले. वेल्डिंगच्या कांड्या, वीज, कवडूची मजुरी, ठेल्याचं भाडं. प्रत्येक बढाईबरोबर आकडा वर चढत होता, पण आत अंधार असल्याने नत्थूजींना तो दिसत नव्हता.

"चारशे दहा," मधुकररावांनी बेरीज सांगितली. "यात तुमची स्वतःची मेहनत धरलेली नाही. एका आलमारीमागे सत्तर रुपये तुम्ही स्वतःच्या खिशातून घालता."



"खोटं हाय," नत्थूजी म्हणाले, पण हळूच. मग जरा मोठ्याने, "इतकी वर्सं झाली, कारखाना बंद पडला का? पत्र्याचा व्यापारी मले उधार देते. रस्त्यात रामराम करते. काहून करते मंग?"

"त्याले मी पैसे देतो म्हनून," स्वयंपाकघराच्या दारातून रुख्मिणी म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली. ती हात पुसत बाहेर आली. "कवडूची मजुरी कमी पडली का मी देतो. घरी दोन म्हशी हायेत बाई. सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. त्याच्यावर हा कारखाना चालून राहिला."

"तू मले सांगितलं काहून नाही वं?" आलमारीतून आवाज आला. आता तो आवाज फारच बारीक झाला होता.

"तुमाले एवढी हौस होती. आलमारी गेली का किती खूश राहत होते तुमी. मी म्हनलं, राहू दे. दुसऱ्यायचे नवरे पत्ते खेळतात."

मधुकररावांनी हसू लपवण्यासाठी मिशीवरून हात फिरवला. ते रुख्मिणीच्या नजरेतून सुटलं नाही.

"मधुकरराव, तुमचे पावनेचारशे कसे झाले थे मले सांगा. सदरच्या दुकानाचं भाडं कुठं धरलं त्याच्यात?"

मधुकररावांचा हात मिशीवरच थांबला. "ते... ते उत्पादन खर्चात येत नाही."

"मंग कशात येते? प्रेमिला मशीनवर कपडे शिवून भाडं भरते, त्याच्यात?"

"ताई, राहू दे ना वं," प्रेमिला म्हणाली आणि भिंतीकडे पाहू लागली.

आलमारीतून एक आवाज आला. तो हुंदका होता की हसू, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

कवडू आला, त्याने कुलूप कापलं आणि नत्थूजी बाहेर पडले. रंग पुरता वाळला नव्हता. त्यांचं नाक, एक कान आणि टोपी हिरवी झाली होती. कोणी हसलं नाही, हे त्यांना अधिक लागलं. ते जाऊन ओट्यावर बसले. थोड्या वेळाने मधुकररावही येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि खिशातला रुमाल त्यांनी पुढे केला.

"तुमचं दार फार सरळ बसलंय," ते खाली पाहत म्हणाले. "माझ्या दारांना नेहमी फट राहते. किती करून पाहिलं."

नत्थूजींनी साडूकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. "बिजागरी अगोदर बसवाची, मंग दार कापाचं," ते नाक पुसत म्हणाले.

तिकडे सत्यवतीबाईंनी रुख्मिणीला आपल्यासमोर खुर्चीवर बसवलं होतं. दोघींची डोकी जवळ आली होती. बाई विचारत होत्या आणि रुख्मिणी बोटांवर मोजत सांगत होती. बऱ्याच वेळाने बाई उठल्या.

"काम दोघांनी मिळून करायचं," त्या म्हणाल्या. "सुटे भाग मधुकररावांच्या मापाचे, कारण आमचा जिना अरुंद आहे. घडवायचं काम नत्थूजींचं, फक्त वेल्डिंगचं मशीन त्यांच्यापासून दूर ठेवा. आणि किंमत रुख्मिणीबाई ठरवतील. त्यांनी सांगितलेला आकडा तुम्हा दोघांपेक्षा जास्त आहे, पण खरा तोच आहे. पैसेही त्यांच्याच हातात देईन."

बाबारावांचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत त्यांनी जावयांपैकी कोणाला खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत नेलं नव्हतं. मुलीला नेलं. जाता जाता ते शेजाऱ्यांना मोठ्याने सांगत होते, "माही रुख्मिणी! कारखाना चालवते कारखाना!" प्रेमिलाने कोथिंबीर भरलेल्या गरम सांबारवड्यांचं ताट आणलं, ते ओट्यावर न थांबता थेट बहिणीपुढे गेलं. फाटकाशी सत्यवतीबाईंचा टांगा उभा होता; त्यांनी सरकून रुख्मिणीला त्यात जागा दिली.

ओट्यावरून दोघे साडू हे पाहत होते.

"एक वडीही नाही विचारली गा," नत्थूजी पुटपुटले.

"मामाजी मला कधी फाटकापर्यंतही सोडायला आले नाहीत," मधुकरराव म्हणाले.

"अन् टांग्यात बसून राहिली पाहा. मले म्हने, पायी या."

मधुकररावांनी सुस्कारा सोडला. नत्थूजींनीही सोडला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नत्थूजी जरा सरकून साडूच्या अंगाशी बसले. एकाच माणसावर जळणारं दुसरं कोणी शेजारी असलं की किती बरं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.