मालूताईंचा बबलू

आमच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकात आमदारांचं नवं होर्डिंग लागलं की आमच्या शेजारच्या मालूताई छत्री घेऊन त्याला रागवायला जायच्या. भर बाजारात, मान वर करून. "दाँत अंदर कर, बबलू! नल सूखे पड़े हैं और तेरे को हँसी आ रही?" छत्रीचं टोक थेट त्याच्या हनुवटीवर. ऑटोवाले थांबून ऐकायचे.

मालूताई बँकेतून निवृत्त, बिनलग्नाच्या. आणि बबलूभैया म्हणजे आमचे आमदार. निवडणूक आली की ते ताईंच्या पाया पडायचे, "मौसी, हाथ रखो" म्हणत डोकं पुढे करायचे आणि पाटावर बसून थालीपीठ खायचे. मग ताई घरोघरी फिरायच्या. "वोट त्यालाच द्यायचा. नालायक आहे, पण आपला मुलगा आहे." आम्ही मुकाट्यानं द्यायचो.

मग ती क्लिप आली. गाडीत कुणीतरी चोरून रेकॉर्ड केलेली. आवाज बबलूभैयांचाच. "अरे, मौसी का कोई नहीं है. बस सर पे हाथ रखवा लो, चालीस वोट पक्के."

फ्रीगंज पेटलं. सकाळपर्यंत 'अपने भैया' असलेला माणूस दुपारी चोर झाला. पण लोकांना झोंबलं काय, तर चाळीस वोट! आम्ही काय भाजीपाला आहोत? आधीच्या वाक्याचं कुणाला काहीच नाही. उलट चहाच्या टपरीवर ते पुन्हा पुन्हा वाजवून हसणं चाललेलं. समोरून मालूताई गेल्या, तरी एकानंही फोन बंद केला नाही. माझं डोकंच फिरलं. बबलू हलकट खराच, पण हे कोण मोठे सज्जन लागून गेले? पुण्याचा भाचा यंदा दिवाळीला येणार, असं ताई दरवर्षी सांगायच्या. असा कुणी भाचाच नव्हता, हे आता सगळ्या गल्लीला कळलं होतं.

दोन दिवसांनी बबलूभैया हार, मिठाई आणि कॅमेरे घेऊन माफी मागायला दारात हजर. ताई आता चप्पल काढणार, म्हणून सगळी गल्ली जमलेली.

"मौसी, गलती हो गई." डोकं पुढे आलं.

ताईंनी हात उचलला नाही. आयुष्यभर खणखणीत बोलणारी बाई, आवाज जेमतेम फुटला.

"मेरा कोई नहीं है, ये मैंने तेरे को बताया था, बबलू. सिर्फ तेरे को. तूने इन सबको क्यों बता दिया?"