मल्लूअण्णाचं प्रश्नचिन्ह

आमच्या बोळात कुणी वारलं की कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा बोर्ड लागतो, आणि संध्याकाळपर्यंत मल्लूअण्णा त्यावर लाल मार्करनं प्रश्नचिन्ह काढून जातो. 'प्रेमळ' लिहिलंय? एक प्रश्नचिन्ह. 'मनमिळाऊ'? दोन. लोक मारायला उठतात. त्याचं एकच, "पुरावा कुटं हाय?"

हा माझा शेजारी. एकटाच असतो. कचेरीत जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहून रिटायर झाला, आता बोळाचा इतिहास लिहितोय. बोळ दोनशे पावलांचा, वह्या सात. डोळ्यांनी बघितलेलं निळ्या शाईत, ऐकीव हिरव्या. सातही वह्या हिरव्यागार. नळावरचं पहिलं भांडण कुणाचं, हे ठरवायला त्यानं तीन म्हाताऱ्या समोरासमोर बसवल्या. तिथंच नवं भांडण पेटलं. ते मात्र निळ्या शाईत लिहिलं, खुशीत.

माझी बायको शांता गेल्या वर्षी गेली. तिचं नाव त्या वहीत यावं, एवढंच मला पाहिजे होतं. मी चौथी शिकलेला. चार दिवस खपून कागद केला: 'शांता लई चांगली होती. देवमाणूस होती.'

अण्णानं दोन्ही ओळी खोडल्या.

"मेल्यावर समद्यांच्याच बायका देवमाणूस हुत्यात की वो, दादा. जित्ती असताना काय करायच्या वहिनी, ते सांगा."

"चालता हो घरातनं!"

"जातो. भाकरी कशी करायच्या, तेवढं सांगा."

"कडक. पापडासारखी."

"आन तुमाला तर दात न्हाईत. मग?"

मग मी सांगितलं. माझे दात गेल्यापासून शेवटची एक भाकरी ती वाळवायची नाही. मऊच फडक्यात गुंडाळायची आणि म्हणायची, "ही बिघडली, तुमीच खावा." रोज एक बिघडायची. पन्नास वर्षं भाकरी करणाऱ्या बाईची रोज एक कशी बिघडेल? मला बावळटाला ते आत्ता, बोलता बोलता कळलं.

अण्णा खाली मान घालून लिहीत होता. "ह्ये ऱ्हातंय बघा," म्हणाला. "कचेरीच्या फॉर्मात ह्याला रकानाच नव्हता."

शांताचं पान झालं. तरी अण्णा रोज दुपारी येतो. "दादा, एक शंका हाय. वहिनींचं परत एकदा सांगा." मी सांगतो.

परवा बघितलं, तर त्यानं वही आणलीच नव्हती. भिंतीला टेकून, डोळे मिटून नुसता बसला होता.

मी चहा टाकला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.