केळकर आणि पूजलेली फळी

केळकरांच्या घरातलं कुठलंही यंत्र नीट पाहिलंत, तर त्यावर हळदीकुंकवाचं बोट सापडणारच. टोस्टर, व्हीसीआर, गवत कापायचं यंत्र, सगळ्यांची रीतसर पूजा झालेली. नवी गाडी घेतली तेव्हा त्यांनी शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या शोरूमच्या दारात नारळ फोडला आणि किल्ली द्यायला आलेला सेल्समन किल्लीसकट आत पळाला. "मान द्यायला काय जातं?" हे त्यांचं पालुपद. ऑफिसात फाइलला चुकून बूट लागला, तर हा सीनियर इंजिनियर मीटिंग थांबवून वाकायचा.

अशा माणसानं पन्नाशीत स्नोबोर्ड विकत आणला!

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायचं, हे खूळ तेव्हा नवं होतं आणि पोराटोरांचं होतं. केळकरांची शाळकरी मुलगी मीनल त्यात पटाईत. केळकरांनी फळी पाटावर ठेवली, स्वस्तिक काढलं, आरती म्हटली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता हिच्यावर बूट घालून उभं राहायचंय.

त्यांनी तोड काढली. दर वेळी निघण्यापूर्वी वाकायचं, फळीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच घसरायचं. दिवाणखान्यातल्या कार्पेटवर हे झकास जमलं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या टेकडीवर मी, त्यांचा मित्र, प्रेक्षक म्हणून गेलो होतो, तिथे मात्र उतार होता. केळकर वाकले आणि वाकलेलेच निघाले. डोक्यावर माकडटोपी, एक हात कपाळाला, अशा थाटात ते एका शाळेच्या सहलीची रांग फोडून कुंपणाच्या जाळीत विसावले.

मीनल मैत्रिणींबरोबर जवळच उभी होती. हा कोण, असं एकीनं विचारलं. मीनलनं खांदे उडवले. मी ते पाहिलं. जाळीतून केळकरांनीही पाहिलं.

तिथला नियम असा, की स्नोबोर्डवाल्यानं आधी वळून आणि थांबून दाखवायचं. त्याशिवाय वर नेणाऱ्या टांगत्या खुर्चीवर बसू देत नसत. केळकर अर्थात नापास झाले. पुढच्या शनिवारीही झाले, आणि या खेपेला परीक्षकावरच आदळून.

कॅन्टीनमध्ये ते हॉट चॉकलेटच्या कपात बघत बसले. कान लालबुंद. थंडीनं नव्हे.

"अहो, नमस्कार तरी सोडा," मी म्हटलं. "पोरीला तोंड लपवावं लागतंय. कशाला हा हट्ट?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"घरी ती खोलीत असते," ते म्हणाले. "गाडीत कानाला हेडफोन. ती खुर्ची दोघांची असते. वर पोचेपर्यंत उतरता येत नाही."

मी उठून त्यांच्यासाठी आणखी एक कप घेऊन आलो.

नंतरच्या शनिवारी केळकर नमस्कार न करता निघाले. वळले, थांबले, पास झाले. पण चेहरा देवळातून चप्पल चोरून आणल्यासारखा. खुर्चीच्या रांगेत उभं राहिल्यावर त्यांचा हात फळीकडे जाई, मागे उभ्या असलेल्या मीनलच्या मैत्रिणी दिसत, आणि हात परत खिशात शिरे.

मीनल त्यांच्यात उभी राहून हे बघत होती. अचानक ती पुढे आली. बापाच्या आणि मैत्रिणींच्या मधोमध अशी उभी राहिली, की पलीकडचं कुणालाच दिसू नये. हेडफोन तिनं कानावरून खाली ओढला आणि बापाचं जाकीट पाठीमागून मुठीत घट्ट धरलं.

"डॅड, करून टाक," ती दबक्या आवाजात म्हणाली. "क्विक."

केळकर वाकले. या वेळी घसरले नाहीत.

खुर्ची आली, दोघं बसले. पाठमोरी दोन डोकी वर वर जाताना मी खालून बघत राहिलो. ती बोलत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. हेडफोन मात्र तिच्या गळ्यातच होता.