पुठ्ठ्याखालची गाडी

रविवारी सकाळी नवा सूट घालून, केसांना पाणी लावून मेंग ग्यूचोल इमारतीखाली उतरले आणि जिथल्या तिथे थबकले. जिथे त्यांची गाडी असायला हवी होती, तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा डोंगर उभा होता.

डोंगरात नवल काही नव्हतं. कोरियातल्या डेजॉन शहराच्या त्या वसाहतीत हल्ली साबणाची वडीसुद्धा घरपोच यायची, आणि तीही हातभर खोक्यात. कोपऱ्यातली जागा रविवारी रद्दीसाठी मोकळी ठेवायची, असा नियम होता. तो मेंगांनीच केला होता. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष होते ते. खोकी सपाट केल्याशिवाय आणि चिकटपट्टी काढल्याशिवाय टाकायची नाहीत, हाही नियम त्यांचाच. मागच्याच आठवड्यात त्यांनी पाचव्या मजल्यावरच्या बोकसून आजींना एका चिकटपट्टीपायी परत वर पाठवलं होतं.

पण काल रात्री घरी यायला उशीर झाला. गाडी लावायला दुसरीकडे तसूभर जागा नव्हती. पहाटे उठून काढू, असं म्हणत त्यांनी गाडी त्याच कोपऱ्यात लावली, आणि कुणी ओळखू नये म्हणून वरून ताडपत्री ओढली. मग लेकीच्या लग्नाच्या बोलणीच्या काळजीने डोळ्याला डोळा लागला नाही, आणि लागला तो नेमका पहाटे.

आज दोन्ही घरची माणसं पहिल्यांदाच समोरासमोर बसणार होती. हॉटेलात वेगळी खोली सांगून ठेवली होती.

"बघताय ना अध्यक्षसाहेब?" वॉचमन कू पाठीमागून आला. "मागच्या रविवारी ट्रक आला नाही, त्यामुळे घरोघरी साठलेला दोन आठवड्यांचा माल आज एकदम आला. त्यात कुण्या शहाण्याने खाली गाडी दडवलीय. कसली तरी मोडकी लाकडं झाकलीत असं समजून सगळ्यांनी वरून रचलं."

"अरे वा," मेंग म्हणाले. "म्हणजे, वाईट झालं."

"काय करायचं त्या माणसाचं?"

"आधी गाडी काढू. माणसाचं नंतर बघू."

तेवढ्यात त्यांची बायको सुनोक आणि लेक दाओन खाली आल्या. सुनोकने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"टॅक्सी करू," ते कुजबुजले.

"आणि विहीणबाईंना द्यायची जिनसेंगच्या औषधी मुळ्यांची पेटी? ती कुठे आहे?"

पेटी गाडीत होती. विसरायला नको म्हणून त्यांनीच ती रात्री डिकीतून वर नेली नव्हती.

दाओनने उशीर होईल असा निरोप नवऱ्यामुलाला कळवून टाकला. मेंगांनी कोट सुनोकच्या हातात दिला आणि खोकी उपसायला सुरुवात केली. कूने घराघरांतल्या भोंग्यावरून सांगितलं की, कुणाची तरी बेवारस गाडी सोडवायला अध्यक्षसाहेब स्वतः खपत आहेत, तरी सर्वांनी खाली यावं.

माणसं आली. चपला फटफटवत, चहाचे पेले हातात घेऊन आली, आणि पाहता पाहता कामाला लागली.

"रविवारचं, सूट घालून," कुणीतरी म्हणालं. "कोण करतं हो दुसऱ्यासाठी?"

"मी यांना उगाच खडूस समजत होते," बोकसून आजी म्हणाल्या आणि त्यांनी मेंगांच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालाने टिपला. मेंगांना तो रुमाल निखाऱ्यासारखा लागला. खरं सांगून टाकावं असं दोनदा त्यांच्या ओठांवर आलं. दोन्ही वेळा कुणीतरी त्यांचं कौतुक केलं, आणि त्यांनी तोंड मिटलं.

इतक्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. आतून नवरामुलगा तेग्यू उतरला, त्याचे वडील उतरले, आणि फिकट हिरव्या रेशमी हानबोकचा, म्हणजे सणासुदीच्या पायघोळ झग्याचा, घोळ सावरत त्याची आई चुनहुई उतरली. दाओनचा निरोप त्यांच्यापर्यंत 'बाबा पुठ्ठ्यात अडकलेत' इतकाच पोचला होता. हे काय प्रकरण आहे ते न कळून तिघं धावत आले होते.

"व्याह्यांची गाडी कुठाय?" चुनहुईने खणखणीत आवाजात विचारलं. "त्या ढिगाखाली तीच ना?"

सगळ्यांचे हात थांबले. कूने मेंगांकडे पाहिलं. बोकसून आजींनी रुमाल घडी करून पुन्हा बाहीत ठेवला.

"माझीच आहे," मेंग म्हणाले. मान खाली होती. "मीच लावली. नियम माझा, आणि गाडीही माझी."

 चुनहुईने एक छोटीशी कात्री मागून घेतली. तिने झग्याचा घोळ कमरेशी खोचला, बाह्या सारल्या आणि पहिलं खोकं उचललं. पट्टी एका टोकाला कापून जी ओढली, ती सालीसारखी अखंड निघून आली. तळाशी मनगटाचा एक ठोसा बसला, आणि खोकं गपकन सपाट झालं.

"लांबलचक रांग करा," ती म्हणाली. "आजी, तुम्ही बसून पट्ट्या काढा. तेग्यू, तू उभा काय राहिलास? सासरा तुझा आहे."

माणसांना हसू फुटलं. रांग लागली. मेंग तिच्या शेजारी उभे राहिले आणि तिचं पाहून तसाच ठोसा मारायला शिकले. तीस वर्षं कचेरीत माणसं हाताळून त्यांना जे जमलं नव्हतं, ते ही बाई रेशीम न चुरगळता करत होती. त्यांना मनातून तिला नमस्कार करावासा वाटला.

ताडपत्री निघाली, गाडी मोकळी झाली. सपाट पुठ्ठ्यांच्या थप्प्या भिंतीशी नीट लागल्या. बोकसून आजींनी एक पट्टी मुद्दाम सुनोकच्या हातातल्या मेंगांच्या कोटाला चिकटवली आणि "आता फिटलं," असं म्हणून त्या वर गेल्या.

हॉटेलातली खोली एव्हाना दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. सहाही जण मेंगांच्या बैठकीत जमिनीवर बसून नूडल्स खात होते. मेंगांनी तिसऱ्यांदा माफी मागितली.

"पुरे हो," चुनहुई म्हणाली. "महिनाभर तेग्यू सांगतोय, मुलीचे वडील फार नियमाचे. कुठे बसावं, कसं बोलावं, काय घालावं, मला झोप नाही. हे तर इथे येणारच नाही म्हणून बसले होते."

तिच्या नवऱ्याने नूडल्स तोंडात घेऊन मान हलवली.

"मुलगी आम्हाला पहिल्यापासूनच पसंत होती," ती म्हणाली आणि तिने मेंगांच्या ताटात लोणच्याची आणखी एक फोड वाढली. "काळजी तुमचीच होती."