स्टुलांच्या मोहिमेची आणि मेहुणेसाहेबांच्या फसल्या तहाची हकिकत

ऐकणारांनी चित्त देऊन ऐकावे. कपडे धुण्याच्या कारखान्यात स्टुलांकारणे जो संग्राम जाहला, त्याची साद्यंत हकिकत पदरचे काही न घालता लिहितो. घातले असल्यास थोडकेच.

इस्त्रीखान्याची फौज बहुतेक बायकांची, दिवसभर उभी, पोटऱ्या सुजलेल्या. सरदार वहिनी. त्यांणी मालकांपाशी अर्ज गुजरला की मधोन मधोन टेकावयास स्टुले द्यावी. मालक खोल मसलतीचे. बसलेले माणूस पुन्हा उठत नाही, ऐसा त्यांचा स्वानुभव. मग त्यांणी कोठीवर बसोन असणाऱ्या आपल्या मेहुण्यांस कामगारांचा संघ स्थापावयास फर्माविले, आणि मेहुणेसाहेबांनी रखवालदार व ड्रायव्हर ऐसे दोघे जमविले, आणि मालकांनी चहा पाजोन संघास मान्यता बहाल केली, आणि तह ठरला की कामगारांस उभे राहणेच पसंत असे.

वहिनी बहुत संतापल्या, त्यांणी इस्त्रीखान्याचा आपला संघ उभारिला आणि कामगार अधिकाऱ्यांस घेऊन आल्या. अधिकाऱ्यांनी हुकूम केला की ज्या संघामागे निम्म्याहून अधिक कामगार नाहीत, त्यास मान्यता देणे मालकांच्या अखत्यारीत नाही. सबब हात वर करवोन कौल घ्यावा. मालकांनी डाव टाकला की कौल आत्ताच, इस्त्र्या तापल्या असता व्हावा. गुंतला हात वर कोण करतो? मेहुणेसाहेबही कामगार दिसावे म्हणोन मालकांची पांढरी पाटलोण अंथरोन टेबलाशी उभे राहिले.

प्रथम त्यांचाच संघ पुकारिला. मेहुणेसाहेबांनी आवेशाने दोन्ही हात उंच केले, आणि इस्त्री पाटलोणीवर तैसीच राहिली, आणि धूर निघाला, आणि मालक पाटलोणीकडे धावले व रखवालदार पाण्याकडे.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, हात काढायच्या आधी इस्त्री उभी करायची असते."

मग वहिनींचा संघ पुकारिला. अवघ्या इस्त्र्या खटाखट उभ्या राहिल्या आणि हात वर गेले. ड्रायव्हरचाही गेला, कारण त्याचे कुटुंब इस्त्रीखान्यातच होते आणि त्याजकडेच पाहात होते.

तह रद्द जाहला. वहिनींच्या संघास मान्यता मिळाली. स्टुले आली, आणि पहिले स्टूल मेहुणेसाहेबांनी स्वहस्ते पुसोन ठेविले. वहिनी बसल्या, पाय लांब केले, आणि त्यांचे डोळे भरोन आले. मग त्या उठल्या आणि कामास लागल्या. मालकांस नवल वाटले. स्टूल मजबूत की कैसे, हे पाहावयास ते खासे टेकले, ते कारखाना सुटेतो उठले नाहीत. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.